दवाखान्याचा ताबा

वकिलांनी पहिल्या भेटीत मला विचारलं, "मारतात?"

"नाही."

"दारू? बाहेर कोणी बाई?"

"नाही."

"तो पछी?" म्हणजे मग काय, असं म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहत राहिले. वयस्कर गुजराती गृहस्थ होते. सुरतेत अठवा लाइन्सला कोर्टाच्या जवळ त्यांचं ऑफिस होतं. मराठी त्यांना बऱ्यापैकी समजायचं, पण मला जे सांगायचं होतं ते मराठीतसुद्धा नीट सांगता येत नव्हतं.

मी आणि माझा नवरा, दोघंही दातांचे डॉक्टर. उधन्याला मेन रोडवर आमचा दवाखाना होता. गाळा एकच, मध्ये छातीएवढं प्लायवूडचं पार्टिशन, दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची. पाटीवर आधी त्याचं नाव, खाली माझं. मी पेशंटच्या दाढेत सिमेंट भरून हात धुवायला गेले की तो पार्टिशनच्या पलीकडून यायचा. पेशंट आ वासूनच बसलेला असायचा. नवरा आरसा घालून आत बघायचा, जीभ टाळूला लावून 'च्यक्' करायचा आणि मी भरलेलं उकरून काढून स्वतः भरायचा. पेशंटला सांगायचा, "मॅडमचा हात अजून बसायचाय." पहिल्या वर्षी मला वाटलं, खरंच असेल. नंतर लहान मुलांच्या आया त्याची सुट्टी कधी असते हे विचारून माझ्याकडे यायला लागल्या, तेव्हाही तो माझं काम उकरतच होता. घरीही तेच. मी लावलेली कुकरची शिट्टी काढून परत बसवायची. मी फोनवर आईशी बोलले की शेवटी फोन हातात घेऊन तेच पुन्हा नीट सांगायचं. एकदा मी उलट बोलले तेव्हा तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. पार्टिशनवरून फक्त "कॉटन", "मिरर" एवढंच.

हे मी वकिलांना सांगितलं. ते म्हणाले, "बेन, हे मी जजसाहेबांना सांगितलं तर ते विचारतील, भरलेला दात टिकला की नाही?"

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं.

मी नवऱ्याचं घर सोडून पांडेसऱ्याला एका खोलीत राहायला गेले होते, त्याला तोवर बरेच महिने झाले होते. नवरा घटस्फोट द्यायला तयार नव्हता. म्हणायचा, डोकं शांत झालं की येशील. त्याच्या घरची मंडळी मूळची आमच्याच खानदेशातली, पण दोन पिढ्या सुरतेत राहून घरात अर्धी गुजराती बोलायची. त्यांच्यात कुणी असं केलं नव्हतं, आमच्यातही नाही.

वकिलांनी माझं रडणं थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मग कामाचं विचारायला लागले. गाळा कुणाच्या नावावर? सासऱ्यांच्या. खुर्च्या कुणी घेतल्या? एक त्याची, लग्नाआधीची. दुसरी माझ्या पाटल्या मोडून घेतली. बिल कुणाच्या नावाचं? त्याच्या. भागीदारीचं काही लिहिलेलं? नाही, नवराबायकोत कोण लिहितं?

"म्हणजे कागदावर तुम्ही तिथे कोणीच नाही," ते म्हणाले. "मग तुमच्याकडे काय आहे? तुम्ही तिथे रोज बसता, एवढंच. कब्जो. घर सोडलंत ते सोडलंत, पण दवाखाना सोडू नका. एकदा पाय बाहेर पडला की त्यांनी कुलूप बदललं म्हणून समजा. मग वर्षानुवर्षं कोर्टात या."

खटला दाखल झाला आणि नवऱ्याच्या वकिलानेही त्याला हेच सांगितलं असणार, कारण त्याच आठवड्यापासून तो दवाखान्यातून हलेनासा झाला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते आठवलं की अजून मान आखडते. शटरच्या कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या, एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. पहिल्यांदा मी नेहमीच्या वेळेला गेले तर तो आत बसलेला. दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. मग तो त्याहून लवकर. शेवटी आम्ही दोघंही दूधवाल्याच्या वेळेला शटरपाशी पोचायला लागलो. आत जाऊन काही काम नसायचं. तो त्याच्या खुर्चीवर पेपर वाचायचा, मी माझ्या खुर्चीवर. दुपारी कुणी जेवायला बाहेर जात नव्हतं. मी माझा डबा पार्टिशनच्या अलीकडे खायची, तो पलीकडे. वांग्याच्या भाजीचा वास आला की कळायचं, आज त्याच्या आईने डबा दिलाय. संध्याकाळी आधी कोण उठतं याचीही वाट बघायची.

पेशंटना यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. दोन्ही खुर्च्या एकाच कंप्रेसरवर चालायच्या. दोघांनी एकदम मशीन सुरू केलं की हवा कमी पडायची आणि दोघांचंही मशीन रडायला लागायचं. पूर्वी आम्ही एकमेकांना सांगून, थांबून काम करायचो. आता तो सांगत नव्हता आणि मीही विचारत नव्हते. मी पायाने पेडल दाबायची आणि तिकडून त्याचं मशीन सुरू व्हायचं. कितीतरी वेळा मी कुणाच्या तरी तोंडात हात धरून, त्याचं थांबायची वाट बघत उभी राहिले आहे.

हत्यारं उकळायला, पेशंट बसवायला आमच्याकडे एक बाई होत्या, नंदुरबारकडच्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "ताई, साहेबांनी विचारलं, कोर्टात साक्षीला येशील का. तुम्हीपण विचारणार असाल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी दुसरं काम बघते." मी म्हटलं, नाही विचारणार. तेवढ्यावर त्या राहिल्या.

त्या उन्हाळ्यात धुळ्याला आईच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी गेले नाही. वडिलांनी फोनवर विचारलं, "एका दिवसात काय होतं?" मी वकिलांचं म्हणणं समजावून सांगितलं. वडील माध्यमिक शाळेत शिक्षक होते. घटस्फोट हा शब्द ते उच्चारायचे नाहीत. 'तुझं ते' म्हणायचे. ते म्हणाले, "तुझं ते फार लांबलं. एक तर नांदायला जा, नाही तर इकडे ये. हे मधलं काय आहे?" मधलंच होतं ते. नांदत नव्हते आणि सुटतही नव्हते. ज्या माणसापासून दूर जायचं, त्याच्यापासून चार हातांवर सकाळपासून रात्रीपर्यंत बसत होते आणि तेही त्याच्यापासून सुटण्यासाठी.

मग चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला.

पाऊस, पूर, गल्लीत तुंबलेली घाण हे सगळं आधी झालंच होतं. पण एका सकाळी बातमी आली आणि दुपारपर्यंत माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन निघाली. उधना स्टेशनात भुसावळकडे जाणाऱ्या गाडीच्या टपावर माणसं बसलेली मी पाहिली. गल्लोगल्ली चालणाऱ्या कापडाच्या लूमचा आवाज बंद झाला. पाण्यात विष कालवलंय, अशीही अफवा उठली. मेडिकलवाल्यांकडे प्लेगवरच्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या संपल्या. मावशी सकाळी येऊन हत्यारं उकळून गेल्या आणि दुपारी निरोप आला की त्या पोरांना घेऊन गावी निघाल्या. रस्त्यावरच्या दवाखान्यांची शटरं एकेक करून खाली आली. आमचं मात्र वर होतं.

वडिलांचा फोन आला, शेजारच्या एसटीडी बूथवर. "आत्ताच्या आत्ता नीघ."

"बाबा, तो अजून गेला नाहीये."

मग ते म्हणाले, "अगं, तू जिवंत राहिलीस तर दवाखाना ना?"

मी परत येऊन खुर्चीवर बसले. नवरा दारात उभा राहून रिकाम्या रस्त्याकडे बघत होता. नाकावर रुमाल बांधला होता. त्याची आई आणि वडील सकाळीच नातेवाइकांकडे बारडोलीला गेले होते. कितीतरी महिन्यांनी तो माझ्याशी धड वाक्य बोलला.

"गोळ्या घेतल्यास?"

"घेतल्या."

"तू जा ना धुळ्याला. तुझे वडील बोलावत असतील."

"तुम्ही जा."

"मी कशाला जाऊ? माझा दवाखाना आहे."

"मग मीही इथेच आहे."

तो हसला, रुमालाच्या आत. "दोघंही मरू इथे," तो म्हणाला. "मग वकील वाटून घेतील."

ते पुढचे एक-दोन दिवस आम्ही असेच बसलो. पेशंट नव्हता. मावशींनी आवरून ठेवलेले ट्रे तसेच होते. मी कधी कधी मान वर करून पार्टिशनवरून पाहायची तर त्याचे डोळे मिटलेले असायचे. माझ्या मनात येऊन गेलं, की हा झोपेत किती साधा दिसतो. आणि त्याच क्षणी असंही आलं, की हा जागा झाला की पहिल्यांदा माझा ट्रे तपासेल.

मग ते दोघं आले. लूमवर काम करणारा एक माणूस आणि त्याची बायको, शिरपूरकडची. त्याच्या गळ्याभोवती साडीचा तुकडा गुंडाळलेला होता. बायकोने तो सोडला तर उजव्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ, वरची कातडी लाल, ताणलेली. अंगात ताप होता. तोंड एका बोटापेक्षा जास्त उघडत नव्हतं.

ती बाई माझ्याकडे बघून अहिराणीत म्हणाली, "ताई, काल्दिनपाईन पानी बी गयं नही पोटमा. खोलीवाला म्हने, गाठ शे, निंघा आठेन." खोलीच्या मालकाने प्लेगची गाठ म्हणून त्यांना बाहेर काढलं होतं. गाडीत चढू लागले तर लोकांनी खाली ढकललं. मोठ्या सरकारी दवाखान्यात जायची त्याला भीती वाटत होती, तिथे नेलेली माणसं परत येत नाहीत असं कुणीतरी सांगितलेलं. उघडं शटर दिसलं म्हणून ते आमच्याकडे आले होते.

"आत घेऊ नकोस," नवरा मागून म्हणाला. तो घाबरला की गुजरातीवर जायचा. "अडती नहीं, सांभळ! हात लावू नकोस. गाठ आहे ती."

"दाढेची असेल."

"आणि नसेल तर?"

नसेल तर काय, हे मलाही माहीत नव्हतं. मी प्लेग कधी पाहिला नव्हता. आमच्या पुस्तकात तो चार ओळींत संपलेला. पण त्या माणसाच्या तोंडातून जो वास येत होता तो मी रोज घेत होते. मी त्याला विचारलं, आधी दाढ दुखत होती का? त्याने मान हलवली. खूप दिवस? परत हलवली. मी म्हटलं, बसा.

मी त्याला माझ्या खुर्चीवर घेतलं तेव्हा नवरा बाहेर फूटपाथवर गेला. मला वाटलं, हवा घ्यायला गेलाय. टॉर्च धरायला मी त्या बाईलाच उभं केलं. फटीतून आरसा घातला तर खालची शेवटची दाढ अर्धी खाल्लेली, शेजारची हिरडी टम्म. बोटाने दाबलं तसा पू आला. मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्याने म्हटलं, "दाढच आहे! अहो, दाढच आहे!"

हे मी नवऱ्याला सांगत होते. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

भूल दिली, आतून चीर देऊन पू काढला. ती बाई टॉर्च धरून रडत होती, पण टॉर्च हलू दिला नाही तिने. दाढ त्या दिवशी निघण्यासारखी नव्हती. इंजेक्शन दिलं. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'दातामुळे सूज, प्लेग नाही', खाली सही आणि शिक्का, खोलीवाल्याला दाखवायला. पुढचे दिवस ती त्याला रोज घेऊन आली. सूज उतरली, तोंड उघडायला लागलं, मग मी दाढ काढली. तो बरा झाला.

नवरा मात्र परत आला नाही. बारडोलीला गेला होता.

मी वकिलांना फोन लावला. ते स्वतः वडोदऱ्याला मुलाकडे पळाले होते, पण फोनवर त्यांचा आवाज टवटवीत होता. "एकला छो? बेन, तर मग कुलूप बदला! आजच. आणि तिथेच राहा. आता कब्जो पूरेपूरो तमारो."

कुलूप विकणारं दुकान उघडं सापडायला मला बरंच फिरावं लागलं. तेवढा वेळ शटर बंद, जुनं कुलूप, आणि मी धापा टाकत चालत होते, की तेवढ्यात तो आला तर. नवं कुलूप लावलं. खोलीवरून चटई आणि स्टोव्ह आणला. सकाळी पेशंटच्या चूळ भरायच्या भांड्यापाशी वाकून दात घासले. आंघोळ बादलीत, मागच्या मोरीत. कुणी शटर वाजवलं की आधी फटीतून बघायची. पूर्वी मी संध्याकाळी निदान खोलीवर तरी जात होते. आता तेही नाही. मिळवायचं ते मिळालं होतं आणि मी गाळ्याच्या बाहेर पाऊल टाकू शकत नव्हते.

एका दुपारी मी त्याच्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसले. तिथून आमचा गाळा कसा दिसतो ते मी कधी पाहिलंच नव्हतं. पार्टिशनवरून माझी खुर्ची, माझा ट्रे, माझा हात जिथे असतो ती जागा, सगळं स्वच्छ दिसत होतं. माझ्या बाजूने बसलं की त्याचं फक्त डोकं दिसायचं. पार्टिशन त्याच्या खुर्चीला असं खेटून कुणी बसवलं होतं, मुद्दाम की चुकून, मला माहीत नाही. मी तिथे बसून हिशेब केला, पैशांचा नाही. खटला जिंकले तरी गाळा सासऱ्यांचा. ते दुसरा खटला घालतील. तो हरला तर वरच्या कोर्टात जाईल. मी म्हातारी होईपर्यंत हे शटर राखत बसेन आणि तोवर लग्न तसंच राहील.

शहर हळूहळू परत भरलं. लूम सुरू झाले. आणि एके सकाळी शटरवर हात आपटल्याचा आवाज आला. मी अर्धं वर केलं. तो वाकून आत बघत होता. दाढी वाढलेली.

"कुलूप बदललंस?"

"हो."

"तो माणूस?"

"बरा झाला. दाढ होती."

तो खाली बघत राहिला. "मला वाटलं, प्लेगच आहे," तो म्हणाला. मला त्याचा राग आला नाही. त्या दिवशी कुणालाही तसंच वाटलं असतं. पुढे तो म्हणाला, "पू वाहून जायला ड्रेन नीट ठेवला होतास ना?" तेव्हा मात्र माझं जे काही थोडं डळमळत होतं ते घट्ट झालं.

"हे बघा," मी म्हटलं, "दोघांच्या संमतीचा अर्ज करू. तुम्ही सही करा. ज्या दिवशी कोर्टाचा शेवटचा कागद होईल त्या दिवशी किल्ली तुमच्या हातात देते. गाळा, कंप्रेसर, एक्स-रे, पाटी, पेशंट, सगळं तुमचं. माझी खुर्ची तेवढी नेईन."

त्याला खरं वाटेना. शटरखाली वाकूनच त्याने दोनदा विचारलं. मग त्याचा चेहरा व्यवहाराचा झाला. "उधन्यात बसायचं नाही," तो म्हणाला. "उधना, पांडेसरा, लिंबायत, कुठेच नाही. नाही तर पेशंट तुझ्यामागे येतील."

इतकी वर्षं माझ्या हाताला नावं ठेवणारा माणूस हे बोलला. त्याच्या लक्षातही आलं नाही. मी म्हटलं, "लिहून घ्या."

वकील माझ्यावर चिडले. "बेन, जिंकलेली बाजी कोण देऊन टाकतं? दात सोडून हिरडी घेताय तुम्ही!" मी म्हटलं, साहेब, मला दोन्ही नकोत. त्यांनी अर्ज केला. कायद्याने मध्ये सहा महिने थांबावं लागतं, विचार बदलला तर म्हणून. ते सहा महिने आम्ही दिवस वाटून घेतले, सोमवार-बुधवार-शुक्रवार तो, बाकीचे मी. मावशीही परतल्या; त्याच्या दिवशी त्या माझ्याकडून किल्ली नेऊन शटर उघडायच्या आणि रात्री परत आणून द्यायच्या. एकटीच्या दिवशी मी इतकं चांगलं काम केलं की कधी कधी वाईट वाटायचं. बायका विचारायच्या, "ताई, पुढच्या महिन्यात येऊ का?" मी म्हणायची, "या." पुढच्या महिन्यात मी नसणार हे सांगायला नवऱ्याने लिहून घेतलेल्या अटींत मला मनाई होती.

शेवटच्या तारखेला जजसाहेबांनी विचारलं, "कुणाची जबरदस्ती नाही ना?" दोघांनी नाही म्हटलं. कोर्टाच्या आवारात मी त्याला किल्ली दिली. त्याने ती खिशात टाकली आणि म्हणाला, "कंप्रेसरचं तेल बदललं होतंस?" मी म्हटलं, "हो." तेच आमचं शेवटचं बोलणं.

माझी खुर्ची टेम्पोतून सुरतेबाहेर चलथाणला गेली. साखर कारखान्याच्या रस्त्याला एक खोली भाड्याने मिळाली होती. मी गेले तेव्हा हंगाम संपत आला होता. ऊसतोडीची माणसं परत निघालेली. पाटीवर एकच नाव होतं, आणि येणारं कुणी नव्हतं. उधन्याच्या बायका येतील असं मला मनातून वाटत होतं. त्या आल्या नाहीत. पोराची दाढ दुखते म्हणून कोण बस बदलून येईल? बरीच वर्षं माझं कसंबसं चाललं. नंतर चांगलं चाललं, पण उधन्यासारखं कधीच नाही. नवऱ्याने तिथे दुसरी डॉक्टर ठेवली असं कळलं.

पहिल्या महिन्यात वडील आले. आई आली नाही, तिचा राग होता. वडिलांनी खोली पाहिली, भिंतीला ओल आहे म्हणाले. माझ्या 'त्या'बद्दल एक अक्षर बोलले नाहीत. दिवसभर बाकावर पेपर वाचत बसले, कुणी येतंय का ते बघत. दुपार टळून गेली तरी कुणी आलं नाही. मग त्यांनी पेपरची घडी केली, टोपी काढून बाकावर ठेवली आणि खुर्चीवर येऊन बसले.

"बाबा, काय झालं?"

"डावीकडची वरची," ते म्हणाले. "धुळ्याचा डॉक्टर म्हणतो काढ. मी म्हटलं, आधी पोरीला विचारतो."

मी आरसा घातला. दाढ किडलेली होती, पण वाचण्यासारखी होती. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग वाचव. मला घाई नाही."